सहा दिवसांची मुलगी, ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेलं, दूध कसं पाजायचं?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. सिन्नरला घरी आणलेली सहा दिवसांची मुलगी, डाव्या बाजूचा ओठ आणि तोंडातली टाळू दोन्ही फाटलेलं, जन्माचं वजन २.८ किलो आणि काल २.५५ भरलं. अंगावर घेतली की दोन मिनिटांत सोडून रडते, वाटी-चमच्याने पाजायला तासभर लागतो, त्यातलं बरंचसं नाकातून बाहेर येतं, आणि तुमच्या आई म्हणतात नाकातून दूध डोक्यात जाईल, जास्त पाजू नका. डिस्चार्ज देताना "चमच्याने पाजा, तीन महिन्यांनी ऑपरेशनचं बघू" एवढंच सांगितलं. आणि तुम्ही विचारलंय की नाकातून येणारं दूध थांबवायचं कसं.

मी नाशिकला नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं सिस्टर आहे, आता निम्म्याहून जास्त वेळ आयांना पाजायला शिकवण्यातच जातो, त्यात अशी बाळं नेहमी येतात. तर सरळ सांगते, नाकातून दूध येणं कमी करता येतं पण टाळूचं ऑपरेशन होईपर्यंत ते पूर्ण थांबणार नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. तुमचा खरा प्रश्न तो एक तास आहे आणि कमी झालेलं ते २५० ग्रॅम वजन आहे.

आधी होतं काय ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. साधं बाळ दूध पितं तेव्हा ओठ स्तनाभोवती घट्ट बसतात, टाळू वरून तोंड बंद करते, जीभ खाली जाते आणि आत निर्वात जागा तयार होऊन दूध ओढलं जातं. तुमच्या मुलीच्या तोंडाचं छत नाकाकडे उघडं आहे, त्यामुळे ती कितीही जोर लावू दे, हवा नाकातून येते आणि ओढ तयारच होत नाही. हातपंपाचा वॉशर गेला की दांडा कितीही हापसत राहा, पाणी काही वर चढत नाही, तसं. पण गिळणं? एवढाच दोष असलेल्या बहुतेक बाळांचं गिळणं चांगलं असतं, जबडा हलतो, जीभ हलते, भूकही लागते. म्हणजे बाळाला गिळता येतं, ओढता येत नाही. ओढण्याचं काम आपण करायचं आणि गिळण्याचं तिच्यावर सोडायचं, पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं ह्यातूनच निघतं.

अंगावर घेतल्यावर ती चुकचुक करते, आपल्याला वाटतं पितेय, आईला वाटतं माझं दूधच कमी आहे, आणि प्रत्यक्षात पोटात गेलेलं असतं थोडंसंच. नुसता ओठ फाटलेला आणि टाळू चांगली असेल तर बरीच बाळं अंगावर पितात, आईच्या स्तनानेच ती फट बुजते, फक्त जरा पोझिशन बदलावी लागते. पण टाळू फाटलेली असेल तर फक्त अंगावरच्या दुधावर वजन वाढेल असं धरून चालू नका. अंगाला लावू नका असं नाही म्हणत हां मी, जरूर लावा, पाच-दहा मिनिटं, शांत करायला, झोपवायला, उघड्या अंगाने छातीशी धरायला, त्याने आईचं दूधही वाढतं. फक्त ते जेवण म्हणून मोजायचं नाही.

आता त्या तासाचं. एका तासात पिऊन झालं, मग दोन तासांनी परत बसायचं, म्हणजे दिवसातले आठ तास ती नुसती झगडतेय. जेवढं पोटात जातंय त्यातलं बरंचसं त्या मेहनतीतच जळतंय, म्हणून वजन वाढत नाही. एक पाजणं २० ते ३० मिनिटांत संपलं पाहिजे. तीस मिनिटांच्या पुढे ओढत बसू नका, राहिलं तर राहिलं, पुढच्या वेळी द्या. पण रोज प्रत्येक वेळी तीस मिनिटांत पुरेसं जात नसेल तर पाजण्याची पद्धत किंवा भांडं बदलायची वेळ आली असं समजा, बाळाला दोष देऊ नका आणि आईला तर नाहीच नाही.

वजनाचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं कमी होतं ते सगळ्याच बाळांचं होतं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. २.८ चे दहा टक्के कमी म्हणजे २.५२, आणि तुम्ही २.५५ वर आहात. म्हणजे घाबरायचं नाही पण काठावर आहात, सहाव्या दिवशी खरं तर वजन वर जायला लागलं पाहिजे. म्हणून उद्या सकाळीच वजन करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सोमवारची वाट बघू नका. दोन आठवड्यांच्या आसपास जन्माइतकं वजन परत आलं पाहिजे आणि मग रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. एकाच काट्यावर, कपडे काढून. आशाताईंकडे काटा असतो, त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायच्याच असतात, त्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा की आमचं बाळ असं आहे. पहिला महिना तर मी आठवड्यातून दोनदा वजन करायला सांगते.

दूध किती? पहिल्या आठवड्याच्या शेवटी साधारण किलोमागे दिवसाला १५० मिली धरतात, आणि जन्माचं वजन परत येईपर्यंत जन्माच्याच वजनावर धरतात. २.८ किलो म्हणजे दिवसाला ४२० मिली, दर तीन तासांनी आठ वेळा म्हटलं तर एका वेळी ५०-५५ मिली. आता तिला एका वेळी ५० जात नसेल तर ३५-४० दर दोन तासांनी द्या, दिवसाची बेरीज महत्त्वाची. आकडा अंदाजाचा आहे, डॉक्टर तिला बघून कमीजास्त करतील. एक साधी वही करा, वेळ, किती मिली, किती मिनिटं, शू किती वेळा, शी किती वेळा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली शू होत असेल तर दूध पोचतंय.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यावर माझं उत्तर अवलंबून आहे. बाळाला बाजूने बघा, हनुवटी खूपच मागे, बारीक आहे का? पाठीवर झोपवलं की घोरल्यासारखा आवाज येतो का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? काही बाळांत टाळूच्या फटीबरोबर जबडा लहान असतो, मग जीभ मागे पडून श्वासच अडतो. तसं असेल तर घरी काहीही प्रयोग न करता थेट नवजात विभाग असलेल्या हॉस्पिटलला न्या, त्या बाळांचं झोपवणं, पाजणं सगळंच वेगळं असतं.

तसं काही नसेल तर आता पाजायला बसू. बाळ पूर्ण जागं पाहिजे, अर्धवट झोपेत पाजायचं नाही. मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, डोकं छातीपेक्षा चांगलं वर, मानेला आणि डोक्याला मागून हाताचा आधार. नाकातून दूध जास्त येतं त्याचं मोठं कारण म्हणजे आडवं धरून पाजणं, वरून ओतलं की ते फटीतून नाकातच जाणार ना. बसतं धरलं की दूध आपल्या वजनाने घशाकडे उतरतं. झोळीत नाही, पाळण्यात नाही, उशीला टेकवून नाही. आडवं पाजल्याने दूध कानाच्या नळीकडेही जाऊ शकतं, आणि टाळू फाटलेल्या बाळांना कानाचा त्रास तसाही जास्त होतो.

भांडं कोणतं ह्यावर माझं मत सांगते, दुसऱ्या सिस्टर कदाचित वेगळं सांगतील. घरी नेताना मी आधी बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, शिकवते. चमच्यात दोन-तीन मिली बसतं, निम्मं सांडतं, तिथेच तुमचा तास जातो. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर, फट नसलेल्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाळाच्या उजव्या कोपऱ्याला टेकवायची, दूध ओठाला लागेल एवढंच तिरकं करायचं, ती जीभ हलवून घेते, गिळलेलं दिसलं की पुढचं. घशात ओतायचं नाही, हे दहादा सांगते कारण घाईत सगळे तेच करतात. बोंडल्यात किती मावतं ते सिरिंजने एकदा मोजून ठेवा म्हणजे वहीत लिहायला सोपं. बाळंतविड्यात सराफ बाजारातून नक्षीचं चांदीचं बोंडलं येतं ते छान दिसतं पण नक्षीच्या खाचेत दूध अडकून बसतं, रोजच्या वापराला साधं गुळगुळीत स्टीलचं घ्या आणि प्रत्येक वेळी धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा.

बाटलीचं विचारलंत. आमच्याकडे भिंतीवर "बाटली नको" चे पोस्टर असतात, बाटली आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदीच आहे, आणि ओढता येणाऱ्या बाळांसाठी ते बरोबरच आहे. पण टाळू फाटलेल्या बाळाला खास बनवलेली बाटली हे औषधासारखं साधन आहे, त्यात लाज वाटायचं काही नाही. साधी बाटली उपयोगाची नाही, ती ओढावीच लागते. आणि कुणी सांगेल की बुचाला, म्हणजे बाटलीच्या निपलला, तापलेल्या सुईने मोठं भोक पाडून घ्या, ते अजिबात करू नका, धार एकदम येते आणि बाळाला ठसका लागतो, कधी दूध श्वासनळीत जातं.

खास बाटल्या दोन प्रकारच्या. एक, मऊ बाटली जी आपण हाताने दाबतो. दुसरी, जिच्या बुचाजवळ एकाच दिशेला उघडणारी झडप असते, बाळाने नुसतं हिरड्यांनी चावलं की दूध पुढे येतं, मागे जात नाही. ह्यातली हाबरमन फीडर नावाची बाटली ब्रिटनमधल्या मॅन्डी हाबरमन ह्या आईने केली, तिच्या स्वतःच्या मुलीला जन्मतः ओढता येत नव्हतं म्हणून. डॉक्टर ब्राऊनची झडपवाली बाटली आहे, पिजन कंपनीचं क्लेफ्टसाठीचं, म्हणजे फाटलेल्या ओठ-टाळूसाठीचं बूच आहे, त्याची एक बाजू जाड आणि एक पातळ असते, जाड बाजू वर टाळूकडे आणि पातळ बाजू जिभेवर आली पाहिजे. हाबरमन महाग पडते, आणि सिन्नरला तर ह्यातलं काही लगेच मिळायची शक्यता कमीच, नाशिकच्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारा नाहीतर ऑनलाइन मागवा.

कोणतीही बाटली असो, बूच फटीत घुसवायचं नाही, चांगल्या बाजूला, जिभेवर ठेवायचं. दाबायची बाटली असेल तर बाळाच्या तालावर दाबा, ती चावते तेव्हा हलकं दाबायचं, सोडते तेव्हा सोडायचं, तीन-चार घोट झाले की थांबून श्वास घेऊ द्यायचा. सतत दाबून धरायचं नाही. डोळे मोठे करणं, भुवया ताणणं, बोटं फाकवणं, तोंडाच्या कडेने दूध वाहणं म्हणजे जास्त येतंय, हळू करा. चार-पाच दिवसांत तुमचा आणि तिचा ताल जुळतो. पहिल्या दिवशी नाही जमला तर बाटली फेकून देऊ नका.

नाकातून आलं तर काय? थांबायचं, अजून सरळ बसवायचं, ती शिंकेल किंवा खोकेल, मऊ ओल्या कापडाने नाक-ओठ पुसायचं, श्वास शांत झाला की परत सुरू. फटीच्या आत कापूस किंवा बोट घालून साफ करायचं नाही. हवा जास्त गिळली जाते म्हणून ढेकर एकदाच शेवटी काढून भागत नाही, मध्ये दोन-तीनदा काढा. नंतर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा आणि झोपवताना मात्र पाठीवरच.

आता दूध कुठून आणायचं, तर आईचं काढून. हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. बाळ ओढत नाही म्हणजे स्तनाला "अजून बनव" हा निरोप जात नाही, आणि पंधरा दिवसांत दूध खरंच आटतं, मग सगळे म्हणतात बघा म्हटलं नव्हतं दूध नाही. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा तरी, त्यातली एक वेळ रात्रीची, हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. आधी कोमट कापडाने शेकून हलकं चोळलं की पान्हा सुटायला मदत होते. स्टीलच्या उकळलेल्या झाकणाच्या वाटीत काढा, खोलीत चार तास चालतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मी दोन तासांच्या वर ठेवू देत नाही. फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला २४ तास, दारात नको, आणि लाइट बराच वेळ गेली असेल तर त्या दुधावर विसंबू नका. गरम करायचं ते वाटी गरम पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. काढलेलं कमी पडत असेल तर डॉक्टरांना विचारून डब्याचं दूध जोडा, डब्यावर लिहिलंय त्याच मापात, पुरवठ्याला यावं म्हणून पातळ करू नका. गाईच्या दुधात पाणी घालून द्यायची सवय आपल्या भागात अजून आहे, ते ह्या वयात नको.

आईंना, म्हणजे तुमच्या आईंना, काय सांगायचं? नाक आणि घसा आतून सगळ्यांचेच जोडलेले असतात, आपल्यालाही ठसका लागला की चहा नाकातून येतोच, डोक्यात काही जात नाही. कमी पाजल्याने मात्र साखर कमी होऊ शकते, कावीळ वाढू शकते, बाळ सुस्त पडतं, म्हणजे भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगायला हवी. गुटी, मध, साखरपाणी काही नको, मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. मालिशवाल्या बाईंना सांगा नाकात तेल सोडायचं नाही, कुठल्याच बाळाच्या सोडू नये पण हिच्या तर नाहीच.

आणि ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. ते मी सोडून देणार नाही. ओठ गरोदरपणाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत जुळतो आणि टाळू तिसऱ्या महिन्यापर्यंत, अनेक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. जगात साधारण सातशे बाळांमागे एकाला हे होतं, जिथे ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही होतं. कारणं अनेक एकत्र असतात, काही अनुवंशिक, काही फिटची औषधं, धूम्रपान, फॉलिक अॅसिड कमी पडणं, आणि बऱ्याच वेळा नेमकं एक कारण सापडतच नाही. बाळंतिणीच्या समोर ही चर्चा बंद करा, ती जेवत नाही, झोपत नाही, रडते, आणि पान्हा सुटायला मन शांत लागतं, हे मी रोज बघते.

हॉस्पिटलला कधी पळायचं: बाळ निळसर पडलं, श्वास जोरात चालला किंवा छाती आत ओढली जातेय, प्रत्येक वेळी पाजताना खोकला येऊन गुदमरतंय, पाजायला उठतच नाही, ताप आला किंवा अंग गार पडलं, आठ तासांत शू नाही, पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. नाकात नळी घालून दूध द्यावं का असंही तुम्ही विचारलंय, नुसत्या ओठ-टाळूसाठी बहुतेक वेळा लागत नाही, पण वजन घसरत राहिलं तर डॉक्टर काही दिवस घालतील, त्याला नाही म्हणू नका.

ऑपरेशनचं थोडक्यात. ओठाचं साधारण तीन महिन्यांच्या पुढे, जुना ठोकताळा असा की दहा आठवडे वय, साडेचार किलोच्या वर वजन आणि हिमोग्लोबिन १०, टाळूचं बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, सर्जन बघून ठरवतील. म्हणजे तारीख मिळण्याआधी वजन मिळवायचंय. पण सर्जनला दाखवायला तीन महिने थांबू नका, आत्ताच दाखवा, काहींना ऑपरेशनआधी ओठाला टेप किंवा टाळूला प्लेट लावतात, ती नाक-हिरडीचा आकार नीट व्हायला असते, पाजणं त्याने सोपं होईलच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, ओठ-टाळू फाटलेलं हे यादीत आहे आणि उपचार मोफत होतात, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. स्माईल ट्रेन संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही मोफत ऑपरेशन होतात. बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा हृदय तपासायला आणि कानाची चाचणी कधी करायची तेही विचारा, काही बाळांत सोबत इतर दोष असतात.

तर आज रात्रीपुरतं असं करा. बोंडलं आणा, दर दोन-अडीच तासांनी बसतं धरून पाजा, तीस मिनिटांत थांबा, वही सुरू करा. पाजणं दोघांनी शिका, फक्त आईने नाही. ती दूध काढत असेल तेव्हा तुम्ही किंवा आजींनी पाजायचं, नाहीतर काढणं, पाजणं, उकळणं ह्यातच तिचा दिवस जाईल आणि झोप मिळणार नाही. आजींच्या हाताला बोंडल्याची सवय असणार, तुम्हाला लहानपणी त्यांनी त्यानेच पाजलं असेल कदाचित, त्यांना ते काम द्या म्हणजे बोलणंही कमी होईल. उद्याचं वजन आणि चोवीस तासांची बेरीज इथे लिहा, हनुवटीचं काय दिसलं तेही, मग खास बाटली लागेल की बोंडल्यावरच भागेल ते ठरवू.